वर्षं कापायची, पण नेमकी कुठली?

एम.डी. मेडिसिनची तीन वर्षं दोनवर आणता येतील का, हा विषय तरुण डॉक्टरांच्या बोलण्यात वारंवार निघतो. त्यांची चिडचिड आम्हाला समजते. साडेचार वर्षं एम.बी.बी.एस., एक वर्ष इंटर्नशिप आणि तीन वर्षं एम.डी., असं हे कागदावर साडेआठ वर्षांचं शिक्षण. पण खोपटच्या एसटी स्थानकापासून ठाणे स्टेशनकडे जाताना जेवढे दवाखाने लागतात, त्यांतल्या कुणाही तरुण फिजिशियनला विचारा. साडेआठ वर्षांत मोकळा झालेला क्वचितच भेटेल. तिशी आली तरी आईवडिलांच्या पैशावर दिवस काढावे लागतात, लग्न लांबतं, कर्ज वाढतं. तेव्हा वर्षं कमी करा ही मागणी रास्तच आहे. आमचा आक्षेप आहे तो कात्री कुठे लावायची यावर.

जवळची वाट आपल्याकडे नवी नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून एम.डी. झाल्या, त्या तीन वर्षांत. त्या काळी रेसिडेन्सीची पद्धतच रुजलेली नव्हती. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये उघडलं आणि ऑस्लरने तिथे ती रुजवली, तेव्हा तिची मुदतही आधी ठरलेली नसे. मुंबईत १९१२ साली स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सच्या दोन वर्षांच्या पदविकांनी राज्याला बालरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ पुरवले, हे विसरून चालणार नाही. राष्ट्रीय परीक्षा मंडळानेही अलीकडे आठ विषयांत दोन वर्षांच्या पदविका सुरू केल्या. भूल, बालरोग, प्रसूती, नेत्ररोग असे विषय त्यांत होते. जनरल मेडिसिन मात्र नव्हतं.

अमेरिकेचा दाखला हमखास दिला जातो, तो नीट पाहिला पाहिजे. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१३ पासून तीन वर्षांत एम.डी.ची वाट खुली केली. कॅनडातल्या मॅकमास्टरमध्ये तर सुरुवातीपासून तीनच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पण तिथे वाचलेलं वर्ष कॉलेजातलं आहे. इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी अमेरिकेत आजही तीन वर्षांचीच. दोन वर्षांच्या वॉर्डकामावर भागतं ते फक्त संशोधनाकडे वळणाऱ्यांचं, आणि त्यांनाही पुढे तीन वर्षं संशोधनाला द्यावी लागतात. थेट रुग्ण तपासायला बसणाऱ्याला तिथेही सूट नाही.

याचं कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात स्पष्ट दिसतं. जुलै ते ऑक्टोबर ठाणे-कल्याण पट्ट्यातले मेडिसिनचे वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरून जातात. पहिल्या पावसाळ्यातला रेसिडेंट डेंग्यूच्या पेशंटचे प्लेटलेट मोजत बसतो. पाचव्या दिवशी ताप उतरला की त्याला हायसं वाटतं, नातेवाईकही घरी न्यायची घाई करतात. वास्तविक धोक्याची वेळ तिथेच सुरू होते. प्लाझ्मा रक्तवाहिन्यांबाहेर झिरपू लागतो, हिमॅटोक्रिट चढतो, वरचा आणि खालचा रक्तदाब एकमेकांजवळ येतात, हातपाय गार पडतात. वरचा आकडा शंभर दिसला म्हणून निर्धास्त राहिलेल्याचं खालच्या नव्वदकडे लक्षच गेलेलं नसतं. दुसऱ्या पावसाळ्यात ही चूक टळते. तिसऱ्या पावसाळ्यात तोच रेसिडेंट खाटेपाशी आल्या आल्या लघवी किती झाली ते विचारतो, लालसर डोळे आणि दुखणाऱ्या पोटऱ्या पाहून लेप्टोची शंका घेतो, रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतो, आणि शेजारी उभ्या ज्युनिअरला हे सगळं समजावून सांगतो. तीन वर्षं म्हणजे तीन पावसाळे: एक शिकायचा, एक सांभाळायचा, एक शिकवायचा. यातला कुठला वगळायचा?

मग वेळ जातो कुठे? तो जातो पदवी आणि प्रवेश यांच्या मधल्या फटीत. इंटर्नशिपचं वर्ष हात बसण्यासाठी असतं. आज ते प्रश्नसंचांत संपतं. त्यानंतर एक-दोन वर्षं क्लास. २०२१ ची नीट-पीजी जानेवारीतून एप्रिलवर, तिथून ११ सप्टेंबरवर गेली आणि कौन्सेलिंग सुरू झालं थेट जानेवारी २०२२ मध्ये. दरम्यान नवी तुकडी आलीच नाही आणि वरच्या दोन तुकड्यांनी तिन्हींचं काम ओढलं. २०२४ ची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. प्रत्येक वेळी हजारो डॉक्टरांचे महिने वाया जातात आणि त्याचा जाब कुणाला विचारला जात नाही. वर्ष कापायचं तर इथलं कापा.

दुसरी गळती वॉर्डातलीच आहे. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग बारा तासांहून जास्त ड्यूटी नको आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, असं लिहिलं आहे. प्रत्यक्षातल्या ड्यूट्या आपण सगळ्यांनी केल्या आहेत. त्यांतले कित्येक तास रक्ताच्या नळ्या लॅबला पोचवण्यात, रिकामी खाट शोधण्यात, फॉर्म भरण्यात जातात. हे काम वॉर्डबॉय आणि क्लार्क यांची पदं भरून काढून घेतलं, तर त्याच तीन वर्षांत शिक्षण दीडपट होईल, असं आमचं ठाम मत आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने परीक्षा आणि प्रवेश यांची तारीख वर्षानुवर्षं एकच ठेवावी आणि ती पाळावी. इंटर्नशिपमधल्या कामाची नोंद तपासून तिला प्रवेशात वजन द्यावं, म्हणजे मुलं पुस्तकातून डोकं वर काढतील. पण आयोगाची वाट न पाहता आपल्या हातात असलेलं एक काम आहे. कळवा, ठाणे, कल्याण, उल्हासनगर इथल्या रुग्णालयांत मानद किंवा पूर्णवेळ काम करणाऱ्या वाचकांना आमची विनंती आहे: अभ्यासासाठी म्हणून इंटर्नला दुपारी घरी सोडू नका, त्याला राउंडला सोबत घ्या. आणि एम.डी. मेडिसिनची तीन वर्षं तीनच राहावीत, असं आयोगाला आपापल्या संघटनेमार्फत लेखी कळवा.