प्रथिनांचे माप कोणासाठी?

लातूर-नांदेडचा शेतकरी सोयाबीन बाजारात नेतो तेव्हा ओलावा तपासून त्याचा भाव कापला जातो. तेच सोयाबीन पीठ वा वडी होऊन परतले की पाकिटावरील प्रथिनांचा आकडा मात्र आपण मुकाट्याने मान्य करतो.

हा आकडा बहुधा 1883 च्या केल्डाल पद्धतीने काढलेला असतो. ती पदार्थातील नायट्रोजन मोजते व त्यास सामान्यतः 6.25 ने गुणते. सोयाबीनला उष्णता द्यावीच लागते, एरव्ही ते नीट पचत नाही; परंतु ती अती झाली की साखर प्रथिनातील लायसीनला जखडते. असे लायसीन शरीराच्या उपयोगी पडत नाही. नायट्रोजन मात्र जवळपास तेवढाच भरतो. ज्वारीत लायसीन मुळातच कमी. भाकरीवर जगणाऱ्या श्रमिकाच्या मुलाचे नुकसान म्हणूनच अधिक.

हे नुकसान मोजता येते. नमुना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तापविला असता जखडलेल्या लायसीनपासून फ्युरोसीन निर्माण होते. ते द्रव क्रोमॅटोग्राफीने मोजतात. फार करपलेल्या पदार्थात ते उलट कमी भरते, म्हणून जोडीला शाबूत लायसीनही मोजावे लागते.

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने शालेय आहारात प्राथमिकच्या मुलासाठी 12 आणि उच्च प्राथमिकसाठी 20 ग्रॅम प्रथिने ठरविली. हे ग्रॅम उपयोगी प्रथिनांचे असावेत, सार्वजनिक प्रयोगशाळेत तपासले जावेत आणि अहवाल शाळेच्या फलकावर मराठीत लागावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समित्यांतून लावून धरली पाहिजे. शेतकऱ्याच्या मालाला जी कसोटी लागते, ती त्याच्या मुलाच्या ताटालाही लागली पाहिजे.