छत्री गच्चीवर, भांडण हॉलमध्ये

इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली की नातेवाईकांच्या दृष्टीने आपण एकदम सर्वज्ञ होतो. ब्रँच कोणती, हे कोणी विचारत नाही. सिव्हिलवाल्याला इन्व्हर्टर दाखवतात, मेकॅनिकलवाल्याला मिक्सर, आणि 'ई अँड टीसी' म्हटलं की मग विचारूच नका! टीव्हीचं काहीही असो, ते आपल्या माथी. मित्रमैत्रिणींनो, हे तुमच्या बाबतीतही कधी ना कधी होणारच आहे, म्हणून आधीच लिहून ठेवते. स्टाफपैकी ज्यांची घरं बांधून होत आहेत त्यांनीही वाचायला हरकत नाही.

आमच्या काकांचं साताऱ्याजवळ घर बांधायचं काम चालू आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आजीची खोली, वर दोन बेडरूम. काकांनी नकाशा पुढे टाकला आणि म्हणाले, "चार टीव्ही लागतील असं कर. छत्री एकच हं, गच्चीवर छत्र्यांचं जंगल नको." नकाशात लाइटचे पॉइंट होते, पंख्याचे होते, गीझरचा होता, इन्व्हर्टरसाठी कोनाडासुद्धा होता. टीव्हीची केबल कुठून येणार, याची मात्र एक रेघ नव्हती. आणि टीव्हीचे चार पॉइंट म्हणजे हॉल, दोन बेडरूम आणि चक्क डायनिंग. आजीची खोली त्यात नाहीच! का, तर "ती हॉलमध्येच बसते की".

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. घरात डिश बसवताना आपण खोल्या मोजतो, माणसं मोजत नाही. काका सातला बातम्या लावतात, भाऊ आला की मॅच, काकूंची मालिका साडेआठची. आजी हॉलमध्ये बसते हे खरं, पण ती टीव्ही बघत नाही, टीव्हीसमोर बसते. दोन्हींत फरक आहे. दिवसातले सगळ्यात जास्त तास घरात कोण असतं? तीच. मोबाइलवर सिनेमा बघणं कोणाला जमत नाही? तिलाच. आम्हा पोरांना तर टीव्हीच्या पॉइंटची फारशी गरजही उरलेली नाही, आमचं सगळं फोनवर चालतं. तरी पॉइंट आमच्या बेडरूममध्ये आणि आजीला हॉलचा कोपरा!

असो. आता तांत्रिक भाग. कारण हे 'एकाच छत्रीवर चार टीव्ही' प्रकरण लोकांना वाटतं तितकं सरळ नाही, आणि त्यात पैसे वाया जातात.

आपल्या आईवडिलांच्या डोक्यात अजून जुनी केबल आहे. केबलवाला एक वायर आणून द्यायचा, आपण बाजारातून स्प्लिटर आणायचो, एका वायरीच्या तीन केल्या की तीन टीव्ही चालू. ते चालायचं, कारण त्या वायरीत सगळे चॅनेल एकाच वेळी वाहत असायचे. टीव्हीने फक्त हवा तो उचलायचा. डिशचं तसं नाही. छत्रीच्या तोंडाशी जो डबा असतो, म्हणजे एलएनबी, तो साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झचा सिग्नल खाली आणून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर केबलमध्ये सोडतो. पण वरून येणारा सगळा माल एका केबलमध्ये मावत नाही. पोलरायझेशन दोन, बँड दोन, म्हणजे चार हिस्से झाले. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे पोलरायझेशनला मराठीत काय म्हणतात ते शोधावं लागलं. ध्रुवीकरण म्हणतात म्हणे. मला त्या शब्दाने निवडणूकच आठवते, म्हणून पोलरायझेशनच ठेवते.) या चारपैकी कोणता हिस्सा हवा, ते खालचा सेटटॉप बॉक्स त्याच केबलमधून वर कळवतो. १३ व्होल्ट दिले तर एक पोलरायझेशन, १८ दिले तर दुसरं. त्यावर २२ किलोहर्ट्झचा टोन चढवला तर वरचा बँड, नाही चढवला तर खालचा.

म्हणजे केबल नुसती पाण्याच्या नळासारखी नाही, ती फोनसारखीही आहे. खालून ऑर्डर जाते, वरून माल येतो. आता एकाच केबलला स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले, हॉलने १८ व्होल्ट मागितले आणि आजीच्या खोलीने १३, तर एलएनबी कोणाचं ऐकणार? ज्याचे व्होल्ट जास्त त्याचं. आजीच्या टीव्हीवर 'सिग्नल नाही'. हॉलवाल्याने बॉक्स बंद केला की आजीचं पुन्हा चालू. घरच्यांना वाटतं बॉक्स खराब, मग कंपनीला फोन, माणूस येतो, तो येईपर्यंत हॉलचा टीव्ही बंद असतो, म्हणून सगळं ठीक दिसतं, आणि तो व्हिजिटचे पैसे घेऊन जातो! आमच्या जुन्या घरी एका कंपनीच्या माणसाने स्वतःच असा स्प्लिटर लावून दिला होता. पुढचे चार महिने आम्ही टीव्हीला नावं ठेवत होतो.

"पण आमच्या शेजाऱ्यांकडे स्प्लिटरवर चालतं," असं कोणीतरी म्हणणारच. चालतं, खोटं नाही. बघितले जाणारे सगळे चॅनेल एकाच पोलरायझेशनवर आणि एकाच बँडमध्ये असले तर भांडणाचा प्रश्नच येत नाही. पण मग तो नशिबाचा भाग झाला. उद्या चॅनेल दुसऱ्या हिश्श्यात गेला की संपलं.

खरा उपाय साधा आहे. प्रत्येक बॉक्सला स्वतःची केबल, थेट छत्रीपर्यंत. त्यासाठी दोन तोंडांचा किंवा चार तोंडांचा एलएनबी मिळतो, त्याला ट्विन आणि क्वाड म्हणतात. छत्री एक, डबा एक, वायरी चार. दुकानात मागताना नीट बोला, कारण क्वाड आणि क्वाट्रो हे दोन वेगळे प्राणी आहेत. दोघांनाही चार तोंडं असतात. क्वाडचं प्रत्येक तोंड स्वतंत्रपणे ऑर्डर घेतं. क्वाट्रोच्या चार तोंडांतून मात्र ते चार हिस्से कायमचे वाटलेले असतात, आणि त्याखाली मल्टिस्विच लावावाच लागतो. आठ-बारा फ्लॅटच्या बिल्डिंगला क्वाट्रो आणि मल्टिस्विच योग्य, घराला क्वाड पुरे. एकाच केबलवर अनेक बॉक्स चालवायची पद्धतही आहे, तिला युनिकेबल म्हणतात, तिचं युरोपियन स्टँडर्ड २००७ चं आहे. पण एलएनबी आणि बॉक्स दोघांनाही ती भाषा यायला लागते, म्हणून नवीन घरात मी तिच्या वाटेला जाणार नाही. जुन्या घरात, भिंती फोडायच्या नसतील तर गोष्ट वेगळी.

एका बॉक्सचं चित्र सगळ्या खोल्यांत पाठवणं हाही एक प्रकार आहे. मेसमध्ये किंवा दुकानात ठीक. घरात केलंत तर चार टीव्ही आणि रिमोट एकच! म्हणजे काका बातम्या लावणार आणि त्या चारही खोल्यांत दिसणार.

आता केबल. आरजी-६ घ्यायची. २१५० मेगाहर्ट्झला ती १०० मीटरमागे साधारण ३० डेसिबल खाते. म्हणजे ३० मीटर अंतरावर ९ डेसिबल, म्हणजे पॉवर आठव्या हिश्श्यावर. ऐकायला भयंकर वाटतं, पण एलएनबी मुळातच पन्नास-साठ डेसिबल वाढवून देतो, त्यामुळे घरातल्या अंतरांना काही होत नाही. घात होतो तो मध्ये मध्ये जोड मारल्याने आणि जोडात पाणी गेल्याने. काकांच्या घराचं मी मोजलं, चारही खोल्या मिळून ८० मीटरच्या आसपास, म्हणजे १०० मीटरचं एक बंडल बास. इतक्यासाठी लोक उरलेले तुकडे जोडत बसतात, हे मला कळत नाही.

पण ही सगळी हुशारी स्लॅब पडायच्या आधीची. प्रत्येक खोलीतून एक वेगळा २५ मिलिमीटरचा पाइप गच्चीजवळच्या एका पेटीत आला पाहिजे. लाइटच्या वायरींबरोबर एकाच पाइपात नाही, वेगळा. काटकोनात बेंड नको, केबल आत मोडते. आणि पाइप रिकामा ठेवायचा असला तरी आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवायची. पुढे इंटरनेटची वायर ओढायची झाली तर हाच पाइप कामाला येतो. वायरमनला हे सगळं आधी सांगितलं तर तो खर्च वाचवायला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत अशी माळ करायला बघतो. लाइटला माळ चालते, डिशला नाही. तिथे वाद घालावा लागतो. मी घातला. "ताई, तुम्ही कॉलेजात शिकता ते वेगळं, साइटवर वेगळं," हे ऐकून घेतलं, आणि वर सांगितलेलं १३-१८ व्होल्टचं प्रकरण मीटर लावून दाखवलं. मग ऐकलं.

गच्चीवर छत्री कुठे, हेही घर बांधतानाच ठरतं. डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ वरून येतं तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. सातारा-पुण्याच्या भागातून तो साधारण १३० अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर. (वास्तुवाल्यांनी आग्नेय दिशा स्वयंपाकघराला दिली आहे, छत्रीने निदान गच्चीवर तरी ती मागून घ्यावी.) याचा अर्थ छत्रीपेक्षा पाच मीटर उंच टाकी त्या दिशेला असेल तर ती किमान तीन मीटर लांब हवी. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते, दीड अंश हलली की सिग्नल अर्धा. म्हणून पाइप पक्का हवा, विटा ठेवून उभी केलेली छत्री नको. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर आहेत, म्हणजे तेच एलएनबी वापरून दोन्ही बघता येणार नाहीत.

पावसात चित्राचे चौकोन पडतात ते कंपनीच्या चुकीने नाही, या फ्रिक्वेन्सीला पाऊसच सिग्नल पितो. कोकणातल्या मंडळींनी साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची छत्री लावावी. क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन डेसिबल जास्त. ढगफुटीला तीही पुरणार नाही, पण रोजच्या पावसाला पुरेल.

खर्चाचं बोलू. खासगी डीटीएचला प्रत्येक जादा बॉक्सचं जादा बिल. ट्रायच्या २०२० च्या नियमात नेटवर्क फीची मर्यादा १३० रुपये होती आणि दुसऱ्या टीव्हीपासून पुढे तिच्या ४० टक्के, म्हणजे ५२. चार टीव्हींचे कर सोडून २८६ रुपये, चॅनेलचे पैसे वेगळे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही फीची मर्यादाच काढली, त्यामुळे आता कंपनीकडून आकडा लेखी घ्यावा. फ्री डिशला महिन्याचं भाडंच नाही. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ते सुरू झालं, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण जन्मलेही नव्हते. त्यावर सह्याद्री आहे, बातम्या आहेत, सिनेमे आहेत. पण खासगी चॅनेल तिथे लिलावाने येतात आणि जातात, म्हणून काकूंची मालिका मिळेलच असं नाही. मी काकांना सुचवलं ते असं: हॉलला खासगी कनेक्शन, बाकी खोल्यांना फ्री डिश. छत्र्या दोन होतील, पण जंगल होणार नाही.

आता एक आक्षेप, जो आमच्या एका सरांनी हे ऐकून लगेच घेतला. खोलीखोलीत टीव्ही झाला की घर तुटतं, पूर्वी सगळे एकत्र बसायचे. मला हे अर्धंच पटतं. आपल्या हॉस्टेलच्या कॉमनरूममध्ये एकच टीव्ही आहे, आणि मॅचच्या दिवशी तिथे शंभर मुली एकत्र असतात हेही खरं. पण चॅनेल कोण ठरवतं? फायनल इयर. फर्स्ट इयरच्या मुली मागे उभ्या राहतात आणि दाखवतील ते बघतात. त्याला एकत्र बसणं म्हणायचं असेल तर म्हणा. घरातही तेच होतं, फक्त तिथे फर्स्ट इयर आजी असते, आणि तिची बढती कधीच होत नाही.

मुलांच्या बेडरूममध्ये टीव्ही नको, हे मात्र मला पूर्ण मान्य. तिथे पाइप टाकावा आणि तोंड झाकून ठेवावं. डायनिंगचा पॉइंट मी नकाशावरून खोडला. जेवताना टीव्ही कशाला? काका जरा नाराज झाले. त्याच्या जागी आजीच्या खोलीत पॉइंट काढला, पलंगावर टेकून बसलं की मान वाकडी करावी लागणार नाही अशा उंचीवर, आणि बॉक्सचं स्विच हाताच्या अंतरावर. आजीला विचारलं तर म्हणाली, "मला कशाला गं, उगीच खर्च." आणि मग थोड्या वेळाने, "सकाळी अभंग लागतात ना त्यावर?"

शेवटचं, छत्री बसवायला कोणाला वर चढवणार असाल तर. छत्रीच्या लोखंडी पाइपाला घराच्या अर्थिंगशी जोडून घ्या. गच्चीजवळून विजेची लाइन जात असेल तर छत्री त्या बाजूला नकोच, हातात तीन मीटरचा पाइप घेऊन फिरणाऱ्याला तार दिसते पण अंतर कळत नाही. आणि पावसात सिग्नल गेला म्हणून ओल्या गच्चीवर चढून छत्री हलवायला कोणी जाऊ नये. पाऊस थांबला की सिग्नल आपोआप येतो, आणि छत्री हलवली असेल तर मात्र येत नाही.