शेअर चढतो, डोंगर उतरतो

सुरजागडचा लोखंडाचा डोंगर एटापल्ली तालुक्यात. माडियांचा ठाकूरदेव तिथंच. २००७ साली लॉइड्स मेटल्सला ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. २०२० मध्ये वीस रुपयांच्या आत असलेला कंपनीचा शेअर २०२४ मध्ये हजाराच्या वर गेला. मुंबईत बसलेले विचारतात, अजून किती चढेल? ग्रामसभा काय म्हणते, हे कोण विचारतो?

पनवेलच्या कातकरी-ठाकूर भावाबहिणींनो, विमानतळ आला, आता आपल्या जमिनीचाही भाव बोलला जातोय. वनहक्क कायद्यानं मिळालेली जमीन वारसाला जाते, विकता येत नाही. तिला बाजारभावच नाही, हीच तिची ताकद. दळीचे दावे राहिले असतील तर ग्रामसभेपुढं ठेवा, पोच घ्या. दलालाच्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

जिंदाबाद!