टेकडीची द्राक्षे आणि आपली मोळी

सभासद बंधूंनो, विषय वाईनचा आहे म्हणून पान उलटू नका. मळीचा अल्कोहोल साखर कारखानेही काढतात. पिण्याबद्दल आम्हांस काही बोलायचे नाही. बोलायचे आहे ते मालाच्या भावाबद्दल.

सोलापूर जिल्ह्यातले अकलूज म्हणजे पक्का उसाचा मुलूख. तिथले मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी 2007 साली वाईनचा धंदा मांडला. इटलीची सांजोवेझे द्राक्षे तिथे लावली. त्यांच्या उंची तांबड्या वाईनचे नाव 'सेत्ते', म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवे वाईनचे जाणकार पिएरो मासी.

ही झाली मालकांची गोष्ट. सभासदांची गोष्ट खुद्द इटलीत आहे. वायव्येला बार्बारेस्को हे टेकडीवरचे लहानसे गाव. 1958 साली तिथल्या पाद्रीबाबांनी, फियोरिनो मारेंगो यांनी, एकोणीस छोटे शेतकरी जमवून सहकारी संस्था काढली. (आपला प्रवरानगरचा कारखाना त्याच्या आठ वर्षे आधीचा.) इमारत कुठली असायला? पहिल्या तीन हंगामांची वाईन चर्चच्या तळघरात झाली! आज तिचे नाव जगभर आहे. सभासदाने नेब्बिओलो जातीची सगळी द्राक्षे संस्थेलाच घालायची, आणि पैसा मिळतो तो मालाचा कस पाहून. चांगल्या साली असिली, राबाया अशा नऊ उतारांची वाईन त्या त्या उताराच्या नावाने वेगळी भरतात.

आता आपला काटा पाहा. एफआरपी ठरते कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. ज्याने ऊस पुरता पिकू दिला, पाचट काढले, वाढे छाटून मोळी बांधली, त्याला जो टनाचा भाव, तोच पाल्यासकट कोवळा ऊस घालणाऱ्याला. मग माणूस वजनच जपणार, दुसरे काय जपेल भाऊ?

कोणी म्हणेल, दर गाडी तपासत बसलो तर गव्हाणीपुढे रांग लागेल. तर मग शेतातच हँड रिफ्रॅक्टोमीटर लावा. पक्वता पाहायला तो वापरतातच. दुसरी शंका मात्र खरी आहे. तोड उशिरा मिळून ऊस वाळला, तर ती घट कोणाच्या माथी? शेतकऱ्याच्या नक्कीच नको. याचे उत्तर शेतकी खात्याने आधी द्यावे.

आमची सूचना एवढीच. येत्या हंगामात फक्त देवपूर गटात प्रत्येक प्लॉटचा ब्रिक्स तोडीच्या चिठ्ठीवर लिहावा. भाव तूर्त आहे तोच राहू द्या. आकडा तेवढा सभासदाच्या हाती पडू द्या.