मुंगळ्यांच्या जाती दोन नव्हेत

संपादक महाशय,


आपल्या गतांकातील पत्रलेखकांनी आमच्या वाशीम जिल्ह्यातील काळ्या मुंगळ्यांत 'मोठ्या डोक्याचे' आणि 'लहान डोक्याचे' अशा दोन जाती असल्याचे लिहून, घराची तुळई पोखरल्याचा दोषही त्यांच्याच नावे दाखल केला आहे. हा मजकूर खातरजमेवाचून राहू नये, म्हणून हे लिहिणे.

मंगरूळपीरजवळील आमच्या शेतातल्या कडुनिंबाच्या बुंध्याशी असलेल्या एकाच बिळातून, भिंग घेऊन बसलो असता, रुंद डोक्याचे दांडगे मुंगळे आणि त्यांच्या निम्म्याएवढे सडपातळ मुंगळे एकामागून एक बाहेर पडताना मी पाहिले. ही सारी एकाच कुटुंबातील कामकरी भावंडे, आणि सर्व माद्याच. मुंगळा म्हणजे मुंगीचा नर, हा समज निराधार आहे.

कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने 1787 साली तरंगमबाडीच्या नमुन्यांवरून वर्णिलेली ही जाती आज 'कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस' म्हणून ओळखली जाते. कमरेला एकच गाठ, बाजूने पाहता सलग कमानदार पाठ, आणि नांगीऐवजी पोटाच्या टोकाशी केसांनी वेढलेले आम्लाचे सूक्ष्म छिद्र, ही कॅम्पोनोटस वंशाची लक्षणे. आकार तेवढा प्रमाण मानल्यास गल्लत अटळच.

सुतार मुंग्या म्हणून ओळखला जाणारा हा वंश लाकूड खात नाही. आमचा मुंगळा तर बहुधा जमिनीतच राहतो आणि बाभळीवरील रसशोषक किडींचा गोड स्राव टिपतो. तुळईत मातीचे लेप आढळत असतील, तर पत्रलेखकांनी वाळवीचा शोध घ्यावा.

आपला,
एक शेतकरी वाचक