बसलेल्या केकची गोष्ट

रविवारी रात्री साडेनऊची वेळ. ओटा पुसून झालेला, सोमवारच्या डब्याची भाजी चिरून फ्रीजमध्ये गेलेली. आता जरा टेकावं म्हणते, तोच चिरंजीव समोर उभे. "आई, उद्या क्राफ्ट न्यायचंय." कधी सांगितलं होतं बाईंनी? "मागच्या सोमवारी."

हा संवाद तुमच्या घरात झाला नसेल तर तुम्ही भाग्यवान आहात, किंवा तुम्हाला मुलं नाहीत! मग काय, जुन्या लग्नपत्रिका, डिंकाची बाटली (तोंडाशी घट्ट वाळलेली), पेन्सिलीला टोक नाही, कात्री कुणी कुठे ठेवलीय ते आठवत नाही. साडेदहाला मुलगा पेंगतो आणि रायगड किल्ल्याचा महादरवाजा आई एकटीच चिकटवत बसते. शाळेच्या प्रदर्शनात टेबलांवर मांडलेले असतात ते किल्ले खरं तर चाळिशीतल्या बायकांनी बांधलेले असतात. आम्ही सगळ्या ते बघत एकमेकींना म्हणतो, "किती छान केलंय हो तुमच्या मुलानं!"

आमच्या लहानपणी हे नव्हतं. चौलच्या वाडीत माडाखाली झावळी पडलेली असायची. तिची पाती सोलून पिपाणी करायची, भिरभिरं करायचं, हिराला टोचून वाऱ्यात धरायचं. मनगटावर पात्याचं घड्याळ, डोळ्यावर पात्याचा चष्मा. पिपाणी वाजली नाही तर टाकून दुसरी करायची. न वाजलेल्या पिपाण्यांचा ढीग अंगणातच पडलेला असायचा, सगळ्यांच्या देखत. त्याची कुणाला लाज वाटत नसे.

लाज वाटायला लागली ती माझं लग्न झाल्यावर. झाली ती केकपासून.

लग्नात आहेर म्हणून गोल ओव्हन आला होता, तो अॅल्युमिनियमचा, झाकणाला मधोमध काच असलेला. त्याआधी आमच्याकडे बेकिंग म्हणजे काय? दिवाळीत मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन बेकरीत जायचं, तिथल्या पत्र्यांवर नानकटाया थापायच्या आणि आपला डबा दुसऱ्याच्या डब्यात मिसळू नये म्हणून वर नावाची चिठ्ठी चिकटवायची. एखादी हौशी बाई कुकरमध्ये वाळू घालून, शिट्टी आणि रबर काढून केक करायची. 'रुचिरा' घरोघर होतंच. पण आपला स्वतःचा ओव्हन म्हणजे मोठीच गोष्ट.

मुलीचा पहिला वाढदिवस 2010 सालचा. मी तेव्हाही अलिबागला नोकरीला होते, जाऊन-येऊन एस.टी.नं दोन तास जायचे. वाढदिवसाच्या आदल्या रात्री केक करायला घेतला. ते दिवस भारनियमनाचे होते. वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि वीज जायची मात्र तिच्या मर्जीनं. केक ओव्हनमध्ये जाऊन वीस मिनिटं झाली आणि दिवे गेले. काचेतून बॅटरी मारून बघितलं. फुगलेला केक माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली बसला. मध्ये खड्डा, कडेला भिंत. आत नुसता चीक.

मी काय केलं असेल? सगळे झोपल्यावर परसात जाऊन तो माडाच्या आळ्यात पुरला. वर माती लोटली. दुसऱ्या दिवशी विकतचा केक आणला आणि ऑफिसात सांगितलं, "वेळच झाला नाही गं करायला."

पुढच्या दहा वर्षांत मी पुष्कळ केक केले. बिस्किटं केली, ब्रेड केला. जे जमलं ते शेजारीपाजारी, ऑफिसात, शाळेतल्या बाईंना डब्यातून गेलं. जे फसलं ते आळ्यात. आमच्या त्या माडाला नारळ बरे लागतात, असं सासूबाई म्हणायच्या. का ते मला माहीत होतं!

त्या दहा वर्षांत मी काही गोष्टी शिकले होते, ज्या पुस्तकात लिहिलेल्या नसतात. खाऱ्या हवेत सगळंच सादळतं. मीठ ओलं होतं, साखरेचे खडे होतात, डब्याची झाकणं गंजतात. आणि बेकिंग पावडर मरते. पुण्यातल्या घरात सहा महिने टिकणारी पावडर आमच्याकडे पावसाळ्यात एकदा डबा उघडला की महिन्याभरात निकामी होऊ शकते. दिसायला पांढरीशुभ्र, पण जीव गेलेली. हे कळायला माझे तीन केक गेले. गरम पाण्यात चिमूटभर टाकून बघायची, फसफसली तर जिवंत. इतकं सोपं. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असं नाही. पण सांगायचं तर आधी ते तीन केक सांगावे लागले असते.

याची किंमत दुसरीनं मोजली.

2020 चा उन्हाळा आठवा. सगळं बंद. आमच्या शेजारच्या घरातल्या सुनेचा नवरा पर्यटकांच्या एका हॉटेलात कामाला होता, तो मार्चपासून घरी बसला. दोन लहान मुलं. तिनं धीर करून घरातून केक विकायला सुरुवात केली. सहा-सात ऑर्डरी आल्या. मला काय वाटलं सांगू? कौतुक वाटलं, आणि आत कुठेतरी किंचित टोचलंही. हौस माझी जुनी, आणि नाव हिचं व्हायला लागलं! मे महिन्यात तिचे केक बसायला लागले. एक नाही, ओळीनं चार. अंडी, लोणी, सगळं उधारीवर आणलेलं. तिनंही कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते फार उशिरा.

3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही ती तारीख विसरता यायची नाही. आम्ही माजघरात मुलांना पोटाशी धरून बसलो होतो. कौलं पत्त्यांसारखी उडाली. वाऱ्याचा आवाज तर असा की शेजारी मोडणारं झाड दिसायचं, पण ऐकू यायचं नाही. संध्याकाळी बाहेर आलो तर वाडी ओळखू येईना. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींवर पडलेल्या. दिवेआगर, श्रीवर्धनकडे तर रोठा सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. तेव्हा लावलेली रोपं आत्ता कुठे हाताशी येतायत.

वीज गेली ती तीन आठवडे आली नाही. नवा ओव्हन (काच मोठी, बटणं पाच) शोभेची वस्तू झाला. शेजारीण दुसऱ्या दिवशी आली ती फ्रीजमधलं लोणी घेऊन. "ताई, वितळतंय सगळं. तुमच्याकडे चुलीवर तूप तरी कढवता येईल." लोणी चुलीवर चढलं आणि ती तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. वादळानं रडतेय असं मला वाटलं. ती म्हणाली, "ऑर्डरी गेल्या ते जाऊ दे. पण ताई, माझ्या हाताला यशच नाही. वादळाच्या आधीच चार केक बसले माझे. तुमचा कधी बसलेला बघितला नाही."

मी तिला डबा आणायला सांगितला. चुलीवरचं गरम पाणी घेतलं, तिची बेकिंग पावडर टाकली. पाणी ढिम्म. एक बुडबुडा नाही.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वर बघवेना. मग मी तिला आळ्याची गोष्ट सांगितली. पहिल्या वाढदिवसापासून सगळी. मागून सासूबाई म्हणाल्या, "अगो, मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी कोंबड्यांनी उकरून काढलान् तुझा केक."

इतकी वर्षं त्या बोलल्या नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तू विचारलं नाहीस. आमच्याकडे काय ओव्हन नव्हता?" आणि त्यांनी धोंडस काढलं. म्हणजे कोकणातला केकच तो. भाद्रपदानंतर जून तवशाचा करतात, पण तेव्हा तवसं कुठलं असायला? फणस मात्र वाडीभर पडलेले. बरका फणस, खाली पडून फुटलेला, रस करायला उत्तम. जाड बुडाचं पातेलं, खाली निखारे, वर झाकणावर निखारे. जळणाला करवंट्या हव्या तितक्या. सासूबाईंचं सगळं प्रमाण अंदाजाचं. "हाताला कळतं" हे त्यांचं उत्तर. मी त्यांचा हात धरला, अक्षरशः धरला, आणि प्रत्येक गोष्ट आधी वाटीत घालायला लावली. शेजारणीनं कालनिर्णयच्या मे महिन्याच्या पानामागे लिहून घेतलं.

मुलांना दुसरं काम दिलं. पोफळीची झावळी गळते तेव्हा तिच्या बुडाशी चामड्यासारखं रुंद आवरण असतं, ती विरी. वादळानं विऱ्यांचा खच पडला होता. मुलीनं त्या पाण्यात भिजवल्या, मऊ झाल्यावर कापल्या, दोन थाळ्यांच्या मध्ये दाबून वर पाटा ठेवला. वाळल्यावर ताटल्या झाल्या. काही वाकड्या, एक तर होडीसारखी. थर्माकोलच्या ताटल्यांवर 2018 सालीच राज्यात बंदी आली होती आणि शाळेत 'पर्यावरणपूरक वस्तू' म्हणून मीच रात्री बसून कागदी फुलं केली होती. इथे मुलांनी स्वतः केलं, आणि ते लागणारही होतं.

पहिलं धोंडस खालून करपलं. दोन बोटं काळा थर. पूर्वीची मी असते तर... असो, आळंही वादळात बुजलं होतं. आम्ही खालचा थर कापला, उरलेलं विरीच्या ताटल्यांत घालून आळीत अकरा घरी दिलं. देताना सांगितलं, खालून करपलंय. कुणी नाक मुरडलं नाही. उलट प्रत्येक घरातून काहीतरी ऐकू आलं: कुणाच्या सासूचं करपायचं, कुणाचा रवा कच्चा राहायचा. एका आजींनी सांगितलं, पातेल्याच्या बुडाला केळीचं पान घाल. ताटल्या परत आल्या त्या रिकाम्या नाहीत. रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही आपली रीत. कुणी तांदूळ, कुणी दोन मेणबत्त्या, कुणी सुका बोंबील. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या माझ्या मैत्रिणीच्या घरून पूर्वी मलिदा यायचा, भिजवलेले पोहे, नारळ, गूळ आणि फळं घातलेला. तिच्याकडे एलियाहू हनबीच्या नावानं नवस फेडला की करत. तिचं कुटुंब इस्रायलला गेलं. ती जाईपर्यंत मी मलिद्याचं प्रमाण विचारलं नाही, येतोच आहे डबा, म्हणून. हे मला त्या दिवशी आठवलं.

आज आपण सगळ्या करून दाखवतो फार. केक कापायच्या आधी फोटो निघतो, मुलाच्या हातातल्या कागदी मोराचाही निघतो. वाईट काही नाही त्यात. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास हे सगळं सांभाळून केलेलं कुणीतरी बघावं असं वाटणारच. पण फोटोत करपलेला थर नसतो. तो बघणाऱ्या दुसऱ्या दमलेल्या बाईला वाटतं, सगळ्यांना जमतं, मलाच नाही. माझ्या शेजारणीला तसंच वाटलं होतं, आणि तिच्या बाबतीत तर तो नुसता मनाचा प्रश्न नव्हता, घरात येणाऱ्या पैशाचा होता. मी दोन वाक्यं आधी बोलले असते तर चार केकांचं सामान वाचलं असतं.

तिचा व्यवसाय पुढे चालला. घरून विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती तिनं केली. किंमत सांगायला मात्र अजून लाजते. मैदा-अंड्यांचा हिशेब धरते, स्वतःच्या तासांचा धरत नाही, आणि ओळखीच्या बायका "घरचंच तर आहे" म्हणून पन्नास रुपये कमी करून घेतात. पेणला गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताला आपण कारागीर म्हणतो ना? मग हिला का नाही? यावरून आमची दोघींची भांडणं होतात. ती जिंकते, कारण केक तिचा असतो.

सासूबाई 2022 साली गेल्या. कालनिर्णयचं ते पान मी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय, हवा लागू नये म्हणून. बऱ्याच जणींनी मागितलं, म्हणून इथेच देते. बरक्या फणसाचा रस दोन वाट्या. तांदळाचा रवा दीड वाटी, तीन चमचे तुपावर भाजलेला. चिरलेला गूळ पाऊण वाटी, फणस फार गोड असेल तर अर्धीच. नारळाचं दूध एक वाटी, ओल्या खोबऱ्याचे काप अर्धी वाटी, मीठ चवीला, वेलची. सगळं कालवून दोन तास झाकून ठेवायचं, रवा फुगू द्यायचा. जाड पातेल्यात तूप लावून केळीचं पान, त्यावर मिश्रण. ओव्हन असेल तर 180 अंशांवर पाऊण तास ते पन्नास मिनिटं, सुरी घालून कोरडी निघेपर्यंत. चूल असेल तर वर भरपूर निखारे, खाली अगदी थोडे. आमच्याकडे उलटं झालं होतं.