संगणक-ओळख : एका प्रश्नाला एक चौकट



गेल्या अंकात आपण तक्त्यातील नावे अकारविल्हे कशी लावावीत ते पाहिले. त्यावर पोलादपूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. ती बाजारातील झेरॉक्स-संगणकाच्या दुकानात कामाला आहे आणि गावशाखेने तिच्यावर गावातील कुटुंबांची यादी करण्याचे काम सोपविले आहे. पावसाळ्यापूर्वी कोणाचे घर धोक्यात आहे, घरात म्हातारे-आजारी कोण, मुंबईस कोण, हे सारे एका ठिकाणी असावे असा हेतू. तिने एक्सेलमध्ये एक अर्ज तयार केला आणि उत्तरांसाठी गोल बटने ठेवली. ती लिहिते, "घर कोठे आहे या प्रश्नाला 'डोंगरउतारावर' हे बटन दाबते. मग घर कसले आहे या प्रश्नाला 'कच्चे' दाबले की वरचे 'डोंगरउतारावर' आपोआप पुसले जाते. संगणक बिघडला आहे का?"

ताई, संगणक बिघडलेला नाही. त्याला जेवढे सांगितले तेवढेच तो करतो आहे. पण ही चूक साधी समजू नका. २२ जुलै २०२१ रोजी आपल्या महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही तेच संकट आले. त्याआधी जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांनी ते भोगले होते. ज्या यादीवरून रात्री कोणाला आधी हलवायचे हे ठरणार, त्या यादीतून 'डोंगरउतारावर' हा शब्द गुपचूप नाहीसा होत असेल, तर यादी नसलेली बरी. नसली तर निदान माणूस घरोघरी जाऊन विचारील.

या गोल बटनाला इंग्रजीत रेडिओ बटन म्हणतात; एक्सेल त्याला ऑप्शन बटन म्हणते. जुन्या मोटारीतील रेडिओला ओळीने खटके असत. एक दाबला की आधी दाबलेला वर उसळे, कारण एका वेळी एकच स्टेशन लागणार. आपल्या घरातील जुन्या टेपरेकॉर्डरचेही तसेच होते. भीमगीतांची कॅसेट वाजत असताना पुढे पळविण्याचे बटन दाबले की वाजण्याचे बटन सुटे. म्हणून या बटनांचा पहिला नियम असा की, एका गटातील एकच दाबलेले राहील.

आता दुसरा नियम. तो ग्रामपंचायतीच्या मतदानाला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपण थेट सरपंचासाठी एक बटन दाबतो, आणि प्रभागातील सदस्यांच्या दोन-तीन जागा असल्या तर प्रत्येक जागेसाठी पुन्हा एकेक. सदस्याचे बटन दाबल्याने सरपंचाला दिलेले मत रद्द होत नाही, कारण प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळी आहे. एक्सेलच्या पानावर मात्र ही वेगळी मतपत्रिका आपण स्वतः आखून द्यावी लागते. ती दिली नाही तर त्या पानावरची सगळी गोल बटने, दहा असोत की चाळीस, एकाच गटातली मानली जातात. भगिनीचे नेमके हेच झाले आहे.

उपाय सोपा आहे. वरच्या पट्टीवर 'डेव्हलपर' हा टॅब दिसत नसेल तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'कस्टमाइज रिबन' येथे जाऊन त्याच्यासमोर खूण करा. मग 'डेव्हलपर'मध्ये 'इन्सर्ट' दाबल्यावर दोन संच दिसतात. आपल्याला वरचा, 'फॉर्म कंट्रोल्स'चा संच हवा. त्यातून प्रथम 'ग्रुप बॉक्स' घेऊन पानावर मोकळी-ढाकळी चौकट ओढा आणि तिच्या माथ्यावर प्रश्न लिहा, 'घर कोठे आहे?' त्यानंतर 'ऑप्शन बटन' घेऊन त्या चौकटीच्या आतच एकेक बटन ठेवा. बटन चौकटीत पूर्ण बसले पाहिजे. त्याची कड, अगदी लिहिण्याची मोकळी जागासुद्धा, रेषेबाहेर आली तर ते त्या गटात धरले जात नाही. निम्म्या तक्रारी येथेच जन्म घेतात. दुसऱ्या प्रश्नाला दुसरी चौकट, तिसऱ्याला तिसरी.

मग कोणत्याही एका बटनावर उजवी कळ दाबून 'फॉरमॅट कंट्रोल' उघडा आणि 'सेल लिंक' या जागी एक सेल द्या. एका बटनाला दिली की चौकटीतील सर्वांना ती लागू होते. त्या सेलमध्ये शब्द येत नाही, आकडा येतो. पहिले ठेवलेले बटन दाबले तर १, दुसरे तर २, काहीच दाबले नसेल तर ०. हा क्रमांक बटन वर आहे की खाली यावरून ठरत नाही, कोणते आधी ठेवले यावरून ठरतो. म्हणून यादी सुरू झाल्यावर मधले एखादे बटन काढून टाकू नका. पुढच्यांचे क्रमांक सरकतील आणि आधी नोंदविलेला ३ आता भलत्याच उत्तराचा होईल. आकड्याचा शब्द करायला बाजूच्या सेलमध्ये 'इफ' आणि 'चूज' ही सूत्रे वापरावीत: सेलमध्ये ० असेल तर जागा कोरी, नाहीतर क्रमांकाप्रमाणे शब्द. आणखी एक गोष्ट, दाबलेले गोल बटन पुन्हा दाबून सुटत नाही. पुढच्या कुटुंबासाठी अर्ज कोरा करायचा तर जोडलेल्या सेलमध्ये ० लिहावे.

इथपर्यंतचे काम हाताचे झाले. खरे काम डोक्याचे आहे, आणि ते चौकट आखण्यापूर्वी करायचे: एका चौकटीत कोणती उत्तरे बसवायची? कसोटी एकच. त्यातील कोणतीही दोन उत्तरे एकाच कुटुंबाबाबत एकाच वेळी खरी असू शकतात का? असू शकत असतील, तर ती एका चौकटीत नकोत. रेशनकार्ड पिवळे, केशरी की पांढरे, हे बसते. 'कच्चे घर, पक्के घर, भाड्याचे घर' हे बसत नाही; कच्चे घरही भाड्याचे असू शकते. 'गावी, मुंबईस, महाडच्या औद्योगिक वसाहतीत' हेही बसत नाही. आपल्याकडे एकाच चुलीचे तीन भाऊ तीन ठिकाणी असतात. तेथे गोल बटन सोडून चौकोनी खुणेचा 'चेक बॉक्स' घ्यावा, त्यात हव्या तेवढ्या खुणा करता येतात.

आता आपल्या समाजाला झोंबणारे उदाहरण. 'हिंदू, बौद्ध, मुस्लिम, अनुसूचित जाती, इतर' अशी पाच उत्तरे एकाच प्रश्नाखाली दिलेले तक्ते माझ्या पाहण्यात आले आहेत. भरणारा 'बौद्ध' दाबतो तेव्हा 'अनुसूचित जाती' सुटते. सवलतीच्या धाकाने 'अनुसूचित जाती' दाबतो तेव्हा 'बौद्ध' सुटते. तक्ता करणाऱ्याच्या मनात कपट नसेलही. पण हीच गल्लत एके काळी कायद्यातच होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार, काही शीख जातींचा अपवाद वगळता, हिंदूखेरीज अन्य धर्म सांगणाऱ्याला अनुसूचित जातीचा मानले जात नसे. १९५६ साली त्यात सर्व शिखांची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा घेतलेल्या आपल्या लोकांना मात्र केंद्राच्या सवलतींसाठी १९९० ची दुरुस्ती होईपर्यंत चौतीस वर्षे थांबावे लागले. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती १९६० पासून दिल्या, ती गोष्ट वेगळी. १९९० नंतर कायद्याने हे दोन प्रश्न वेगळे केले आहेत. बौद्ध हा धर्म, अनुसूचित जाती हा प्रवर्ग, आणि दोन्ही एकाच माणसाचे असू शकतात. २०११ च्या जनगणनेतही ते दोन स्वतंत्र प्रश्न होते आणि महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजारांवर लोकांची नोंद बौद्ध म्हणून झाली. तेव्हा गावशाखेच्या यादीत 'धर्म' ही एक चौकट आणि 'प्रवर्ग' ही दुसरी. रमाई आवाससारखी योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध अशा दोहोंसाठी असते. तिच्या यादीत हे दोन शब्द एकमेकांचे वैरी करून ठेवू नयेत.

यादी झाल्यावर तपासणी अशी करावी. पहिल्या चौकटीतील एक बटन दाबा, दुसरीतील एक दाबा, तिसरीतील दाबा, मग वर जाऊन पहिले तसेच आहे का ते पाहा. पाच मिनिटांचे काम आहे, पण पहिले नाव भरण्यापूर्वी करायचे.

भगिनीने शेवटी विचारले आहे की, दीडशे कुटुंबांच्या दीडशे ओळी असतील तर प्रत्येक ओळीत अशी बटने कशी ठेवायची? ठेवूच नयेत. बटनांची ओळ खाली उतरविली तरी नव्या बटनांचा धागा त्याच जुन्या सेलला बांधलेला राहतो. दीडशे ओळींत साडेचारशे चौकटी आखून प्रत्येकीची सेल हाताने बदलत बसणे हे शहाणपणाचे नाही. गोल बटने एका कुटुंबाच्या एका अर्जाला शोभतात. लांब यादीला 'डेटा व्हॅलिडेशन'मधील 'लिस्ट' घ्यावी: सेलमध्ये बाण येतो, तो दाबला की ठरलेली उत्तरे खाली उघडतात आणि त्यातील एकच निवडता येते. गूगल शीट्समध्ये तर गोल बटने नाहीतच, तेथे हीच रीत चालते. आणि ज्यांच्याकडे फुकटचे लिबर ऑफिस आहे त्यांनी चौकटीच्या भरवशावर राहू नये; तेथे प्रत्येक बटनाच्या गुणधर्मात 'ग्रुप नेम' या जागी गटाचे नाव लिहावे लागते, एका प्रश्नाच्या सर्व बटनांना एकच नाव.

'लिस्ट' कशी बांधायची ते पुढील अंकी.